एसटीएम३२ : डीएमएने पाठवलेल्या लॉगच्या ओळी अर्ध्यावर बिघडतात, आणि वॉचडॉग रीसेटपूर्वीची ओळ कधीच मिळत नाही

प्रश्न — सूक्ष्मनियंत्रक

नमस्कार. एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या एका मोटर-नियंत्रण यंत्रणेच्या डिबग लॉगबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कोअरचे घड्याळ १६८ मेगाहर्ट्झ आहे, फ्रीआरटीओएस या रिअल-टाइम कार्यप्रणालीखाली चार टास्क (स्वतंत्र कामे) चालतात आणि लॉग यूएसएआरटी२ या सिरीयल पोर्टमधून १,१५,२०० बॉडने, म्हणजे आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट अशा नेहमीच्या मांडणीत, संगणकाकडे जातो. मोटरचा टास्क दर मिलिसेकंदाला एकदा चालतो. उरलेले तीन टास्क त्या मानाने संथ आहेत.

सुरुवातीला लॉगसाठी एचएएलचे (चिप-उत्पादकाच्या हार्डवेअर-लायब्ररीचे) थांबून पाठवणारे फंक्शन वापरले जात होते. ओळ पूर्ण बाहेर पडेपर्यंत ते परत येत नसल्यामुळे मोटरच्या टास्कचे वेळापत्रक कोलमडत होते, म्हणून शेड्युलर (टास्कना पाळी देणारा भाग) सुरू झाल्यानंतरचा लॉग डीएमएकडे, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून बाइट हलवणाऱ्या हार्डवेअरकडे, सोपवण्यात आला. आता लॉगचे फंक्शन १२८ बाइटच्या स्थानिक ॲरेमध्ये एसएनप्रिंटएफने ओळ तयार करते, त्या ॲरेचा पत्ता आणि लांबी डीएमएने पाठवणाऱ्या एचएएल फंक्शनला देते आणि लगेच परत येते. शेड्युलरपूर्वीचे संदेश मात्र अजूनही जुन्याच पद्धतीने जातात.

या बदलानंतर मोटरचे वेळापत्रक सुरळीत झाले, पण लॉगवर विश्वास ठेवता येईनासा झाला. शेड्युलरपूर्वीच्या सर्व ओळी स्वच्छ दिसतात. त्यानंतर काही ओळींची सुरुवात बरोबर असते आणि पुढे भलतीच चिन्हे किंवा दुसऱ्याच एखाद्या ओळीचा तुकडा येतो, तर काही ओळी अजिबात येत नाहीत. डिबगर जोडून कोड एकेक पायरी चालवला की प्रत्येक ओळ अचूक दिसते, त्यामुळे दोष पकडता येत नाही. याशिवाय अधूनमधून इंडिपेंडंट वॉचडॉगमुळे (ठरावीक वेळेत खूण न मिळाल्यास चिप रीसेट करणाऱ्या टायमरमुळे) रीसेट होतो, आणि त्याआधी दिसलेली शेवटची ओळ दर वेळी वेगळी असल्यामुळे कार्यक्रम नेमका कोठे अडकला हे कळत नाही. बॉड रेट कमी करून पाहावा, तार बदलावी, की दोष कोडमध्येच शोधावा, हे ठरवण्यासाठी तपासाचा योग्य क्रम कोणता असावा?

उत्तर — दोलक

तुम्ही दिलेल्या वर्णनातच एक महत्त्वाचा पुरावा आहे: शेड्युलरपूर्वीच्या ओळी स्वच्छ येतात. तार, जमिनीची जोडणी, पिनची निवड किंवा बॉड रेट यांपैकी काही चुकले असते तर त्या ओळीही बिघडल्या असत्या. घड्याळाचा दोष ओळीच्या पहिल्या काही अक्षरांना सोडून नंतरच्या भागावर हल्ला करत नाही. तो असला तर पहिल्या अक्षरापासून दिसतो. त्यामुळे बॉड रेट कमी करण्याची घाई करू नका. तसे केल्याने प्रत्येक ओळीला अधिक वेळ लागेल, आणि मला वाटते की त्यामुळे तुमचा त्रास वाढेलच.

तरीही एक मोजमाप करून ठेवा, कारण ते स्वस्त आहे आणि नंतरची शंका मिटवते. लॉजिक ॲनालायझर टीएक्स (पाठवणीच्या) पिनवर लावून सर्वांत अरुंद स्पंदाची रुंदी मोजा. १,१५,२०० बॉडला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा असतो. या चिप-कुटुंबात वारंवार भेटणारी चूक अशी की एचएएलच्या संरचना फाइलमध्ये बाह्य क्रिस्टलची किंमत २५ मेगाहर्ट्झ लिहिलेली राहते, बोर्डवर प्रत्यक्षात ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि पीएलएलचे (घड्याळाची वारंवारता वाढवणाऱ्या परिपथाचे) गुणक मात्र ८ मेगाहर्ट्झ धरून बसवलेले असतात. तेव्हा प्रोसेसर योग्य गतीने धावतो, पण एचएएल बॉडचा भाजक काढताना घड्याळ ३.१२५ पट जास्त आहे असे समजते आणि प्रत्यक्ष वेग ३६,८६४ बॉडवर येतो. बिटची रुंदी २७.१ मायक्रोसेकंद दिसली तर कारण हेच, असे डोळे मिटून म्हणता येते. अंतर्गत आरसी दोलक वापरत असाल तर तापमानानुसार त्याची चूक वाढते, हेही ध्यानात ठेवा. एका बाइटच्या दहा बिटांत चूक साठत जात असल्यामुळे दोन्ही टोकांची घड्याळे प्रत्येकी २ टक्क्यांच्या आत असलेली बरी.

आता मुख्य मुद्दा. लॉगची तपासणी लॉगच्याच भरवशावर करता येत नाही, म्हणून तिच्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार उभे करा. पहिला म्हणजे प्रत्येक ओळीच्या प्रारंभी वाढता क्रमांक. तो ओळ पाठवताना नव्हे, तर लॉगचे फंक्शन बोलावले गेले त्या क्षणी दिलेला असावा, म्हणजे हरवलेली ओळ क्रमांकातील खंडावरून कळेल. दुसरा म्हणजे एक रिकामी जीपीआयओ (सर्वसाधारण वापराची) पिन, जी फंक्शनमध्ये शिरताना वर आणि बाहेर पडताना खाली करावी. टीएक्सच्या शेजारी ती दुसऱ्या वाहिनीवर पाहिली की फंक्शन केव्हा परतले आणि ओळ प्रत्यक्षात केव्हा संपली, हे दोन्ही एकाच चित्रात दिसेल. हे करून काय आढळते ते कळवा. विशेषतः बिघडलेल्या ओळी कोणत्या टास्कच्या आहेत आणि किती अक्षरांनंतर बिघडतात, ते पाहा.

प्रश्नकर्ता — सूक्ष्मनियंत्रक

सविस्तर उत्तराबद्दल आभार. बिटची रुंदी ८.७ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे घड्याळ निर्दोष आहे. जीपीआयओचा स्पंद मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अरुंद आहे, आणि टीएक्सवरील हालचाल मात्र त्यानंतर कितीतरी वेळ सुरू राहते.

क्रमांकांवरून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. संथ टास्कच्या ज्या ओळी येतात, त्या बहुतेक पूर्ण आणि बरोबर असतात. मोटर टास्कच्या ओळी मात्र जवळपास नेहमीच अकरा-बारा अक्षरांनंतर बिघडतात. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे, जो क्रमांक हरवलेला असतो, त्याच ओळीचा उत्तरार्ध पुष्कळदा आधीच्या क्रमांकाच्या ओळीला जोडलेला सापडतो. उदाहरणार्थ, १२७ क्रमांकाची ओळ वेगाच्या नोंदीने सुरू होते आणि १२८ व्या ओळीत यायला हवा होता तो विद्युतप्रवाहाचा आकडा दाखवून संपते; १२८ ही ओळ स्वतंत्रपणे येतच नाही.

उत्तर — रिंगबफर

या तिन्ही निरीक्षणांचे मूळ एकच आहे. डीएमएला तुमची ओळ मिळत नाही. त्याला मिळतो तो फक्त पत्ता आणि बाइटची संख्या. यूएसएआरटी पुढच्या बाइटसाठी तयार झाला की डीएमए त्या पत्त्यावरून एक बाइट उचलतो, आणि त्या क्षणी तेथे जे असेल ते पाठवतो. १,१५,२०० बॉडला एका अक्षराला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ६० अक्षरांच्या ओळीला ५.२ मिलिसेकंद. तुमचे फंक्शन मात्र ०.१ मिलिसेकंदाच्या आत परत येते. परत येताच त्याचा स्थानिक ॲरे ज्या स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) होता ती जागा मोकळी समजली जाते आणि त्या टास्कमधील पुढची कोणतीही खोलवर जाणारी फंक्शन-हाक तिच्यावर स्वतःचे व्हेरिएबल लिहिते.

आता अकरा-बारा या आकड्याकडे पाहा. मोटरचा टास्क १ मिलिसेकंदाने पुन्हा जागा होतो, आणि १ मिलिसेकंदात या वेगाने साडेअकरा अक्षरे बाहेर पडतात. म्हणजे ओळ नेमकी तेथपर्यंत शाबूत राहते, जेथपर्यंत टास्क झोपलेला असतो. संथ टास्क ओळ लिहून बराच काळ निजतात, त्यांच्या स्टॅकला तोवर कोणी हात लावत नाही, म्हणून त्यांच्या ओळी बऱ्या दिसतात. त्या बरोबर आहेत असे मात्र समजू नका, त्या केवळ योगायोगाने वाचतात.

हरवलेल्या ओळीच्या शेपटीचे कोडेही यातच सुटते. त्याच टास्कने लगेच दुसरी ओळ लिहिली की एसएनप्रिंटएफ ती स्टॅकवरील त्याच जागी तयार करते, कारण हाकेचा मार्ग तोच असतो. पहिल्या ओळीचे वाचन अजून चालू असते, त्यामुळे तिचा उरलेला भाग म्हणून दुसऱ्या ओळीचा उत्तरार्ध बाहेर पडतो. मग दुसऱ्या ओळीसाठी डीएमएचे फंक्शन बोलावले जाते, तेव्हा एचएएलची स्थिती ‘व्यस्त’ असल्याने ते काहीही न पाठवता एचएएल_बिझी हे उत्तर देऊन परतते. तुमच्या वर्णनावरून ते उत्तर तपासले जात नसावे. तपासले असते तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर आला असता. पायरी-पायरीने चालवताना सगळे बरोबर का दिसते, तेही सांगतो: डिबगर कोअरला थांबवतो, पण डीएमए आणि यूएसएआरटी थांबत नाहीत. तुम्ही पुढची पायरी दाबेपर्यंत संपूर्ण ओळ बाहेर गेलेली असते.

येथे बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो ॲरेला स्टॅटिक (कायमच्या जागेचा) करण्याचा. तो पुरेसा नाही. स्टॅकची जागा पुसली जाणार नाही हे खरे, पण चारही टास्क आता एकाच ॲरेवर लिहू लागतील आणि दुसऱ्याची शेपूट जोडली जाण्याचा दोष उलट वाढेल. म्यूटेक्स (एका वेळी एकालाच प्रवेश देणारे कुलूप) लावून तो डीएमए संपेपर्यंत धरून ठेवला, तर मोटरचा टास्क पुन्हा ५ मिलिसेकंद अडकेल, म्हणजे तुम्ही जेथून निघालात तेथेच परत याल.

योग्य रचना म्हणजे वर्तुळाकार बफर. ओळ स्थानिक ॲरेमध्येच तयार करा, कारण एसएनप्रिंटएफला लागणारा वेळ क्रिटिकल सेक्शनच्या (इतर टास्क मध्ये येऊ नयेत अशा कोडभागाच्या) बाहेर राहणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर अगदी छोट्या क्रिटिकल सेक्शनमध्ये ती ४,०९६ बाइटच्या ग्लोबल बफरमध्ये नक्कल करा, लेखनाचा निर्देशांक पुढे सरकवा, आणि डीएमए रिकामा असेल तरच त्याला सुरू करा. पाठवणी पूर्ण झाल्याच्या कॉलबॅकमध्ये वाचनाचा निर्देशांक पुढे सरकवून, उरलेला सलग भाग असेल तर पुढची पाठवणी तेथूनच सुरू करा. बफरच्या टोकाशी ओळ दुभंगते तेव्हा डीएमएला टोकापर्यंतचाच भाग द्यायचा आणि उरलेला पुढच्या फेरीत. बफरचा आकार दोनच्या घातात ठेवला की निर्देशांक गुंडाळण्यासाठी साधे मास्क पुरते.

जागा अपुरी असेल तेव्हा काय करायचे, हा निर्णय मात्र जाणीवपूर्वक घ्या. माझे मत असे की संपूर्ण ओळ टाकून द्यावी, अर्धी कधीही लिहू नये, आणि गळालेल्या ओळींची संख्या मोजून जागा होताच ती संख्याच लॉगमध्ये लिहावी. गप्प बसून ओळी गाळणारा लॉग तपास करणाऱ्याला फसवतो. ‘येथे १४ ओळी गळाल्या’ असे सांगणारा लॉग फसवत नाही.

यासोबत एक हिशेब कागदावर करून पाहा. १,१५,२०० बॉडची क्षमता सेकंदाला ११,५२० अक्षरे इतकी आहे. चार टास्कनी प्रत्येकी सेकंदाला ५० ओळी, प्रत्येक ओळ ६० अक्षरांची, असे लिहिले तर १२,००० अक्षरे होतात, आणि मग बफर कितीही मोठा असला तरी तो कधी ना कधी भरणारच. बफर क्षणिक लोंढा पोटात घेतो, कायमची तूट भरून काढत नाही. वेग वाढवायचा असेल तर यूएसएआरटी२ ज्या बसवर आहे तिचे घड्याळ ४२ मेगाहर्ट्झ आहे हे लक्षात ठेवा. ९,२१,६०० बॉडसाठी भाजक ४५.५७ येतो, तो ४६ करावा लागतो, आणि प्रत्यक्ष वेग ९,१३,०४३ म्हणजे सुमारे ०.९ टक्के कमी मिळतो; हे चालते, पण १०,००,००० बॉडला भाजक नेमका ४२ येतो आणि चूक शून्य राहते. संगणकाकडील यूएसबी-सिरीयल जोडणी तो वेग देते का, एवढे पाहून घ्या.

काही गोष्टी राहू नयेत म्हणून सांगतो. या चिपमधील ६४ किलोबाइटची सीसीएम (फक्त कोअरशी जोडलेली) रॅम डीएमएच्या पोहोचेबाहेर आहे. लिंकर स्क्रिप्टने (मेमरीत कशाची जागा कोठे ते ठरवणाऱ्या फाइलने) बफर तेथे टाकला तर एक अक्षरही बाहेर पडणार नाही. एचएएलमध्ये डीएमए संपल्यावरही स्थिती ‘तयार’ होते ती यूएसएआरटीचा पाठवणी-पूर्ण इंटरप्ट (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारी सूचना) आल्यानंतरच, त्यामुळे केवळ डीएमएचा इंटरप्ट चालू करून यूएसएआरटी२ चा बंद ठेवला तर पहिली ओळ जाते आणि पुढची प्रत्येक ‘व्यस्त’ ठरते. ज्यांना आयुष्यभर एकच ओळ दिसते, त्यांनी आधी हे पाहावे. शेवटी, फ्रीआरटीओएसचा क्रिटिकल सेक्शन सगळे इंटरप्ट रोखत नाही. कॉन्फिगमधील मर्यादेपेक्षा वरच्या प्राधान्याचे इंटरप्ट त्यातही येतात. अशा इंटरप्टमधून हे लॉग-फंक्शन कदापि बोलावू नका, आणि मर्यादेखालच्या इंटरप्टमधून बोलावायचे असेल तर क्रिटिकल सेक्शनचे इंटरप्टसाठी असलेले वेगळे रूप वापरा.

उत्तर — तळाचा_थर

वरचे निदान मला पूर्ण पटते, त्यामुळे मी फक्त वॉचडॉगबद्दल लिहितो. रिंगबफर यांनी सुचवलेली रचना केल्यानंतर तुमचा हा दुसरा प्रश्न अधिक बिकट होईल, कारण रीसेटच्या क्षणी बफरमध्ये जे थांबलेले असेल ते बाहेर पडणारच नाही. ‘शेवटची दिसलेली ओळ’ ही ‘शेवटची लिहिलेली ओळ’ नसते, आणि या दोहोंतील अंतर बफर जितका मोठा तितके मोठे. म्हणून दिसलेल्या शेवटच्या ओळीवरून दोषाची जागा ठरवणे आजच थांबवा.

या चिपवरील इंडिपेंडंट वॉचडॉग रीसेटपूर्वी कोणताही इंटरप्ट देत नाही, तेव्हा ऐनवेळी बफर रिकामा करण्याची संधी मिळत नाही. पण रीसेटने एसरॅममधील मजकूर पुसला जात नाही. विद्युतपुरवठा अखंड असेल तर तो तसाच राहतो. त्याला पुसतो तो आपलाच स्टार्टअप कोड, जो बीएसएस (सुरुवातीची किंमत नसलेल्या व्हेरिएबलच्या) विभागात शून्ये भरतो. लिंकर स्क्रिप्टमध्ये बीएसएसच्या बाहेर, नोलोड (सुरुवातीला काहीही न भरला जाणाऱ्या) प्रकारचा एक स्वतंत्र विभाग करा आणि वर्तुळाकार बफर त्याच्या निर्देशांकांसह तेथे ठेवा. सोबत एक ठरावीक खूणसंख्या आणि निर्देशांकांची चेकसम ठेवा, कारण वीज नव्याने आल्यावर त्या जागेत काहीही असू शकते आणि निर्देशांकांवर आंधळा विश्वास ठेवला तर लॉगच नवा दोष निर्माण करील. सुरू होताच खूण जुळली तर जुना मजकूर जुन्या, थांबून पाठवणाऱ्या पद्धतीने आधी बाहेर काढा आणि मगच बफर नव्याने मांडा.

रीसेटचे कारण आरसीसीच्या (रीसेट व घड्याळ नियंत्रणाच्या घटकाच्या) सीएसआर रजिस्टरमध्ये मिळते. त्यात एक फसगत आहे: वॉचडॉगचा रीसेट एनआरएसटी (रीसेट) पिनही खाली ओढतो, त्यामुळे पिन-रीसेटचा ध्वजही उंचावलेला दिसतो. पिनचा ध्वज आधी तपासणारा कोड प्रत्येक वॉचडॉग रीसेटला ‘कोणीतरी बटण दाबले’ असे ठरवतो. वॉचडॉगचा ध्वज आधी पाहा, आणि वाचून झाल्यावर आरएमव्हीएफ बिट लिहून सर्व ध्वज साफ करा, नाहीतर ते पुढच्या रीसेटनंतरही साचून राहतात.

मजकुराच्या ओळींपेक्षा तुम्हाला येथे अधिक उपयोग होईल तो एका छोट्या नोंदवहीचा. त्याच नोलोड विभागात घटनेचा क्रमांक, टास्कचा क्रमांक आणि डीडब्ल्यूटीच्या (कोअरमधील डिबग-घटकाच्या) चक्र-मोजकाची किंमत अशा तीन शब्दांच्या ६४ नोंदी फिरत्या ठेवा. एक नोंद लिहिण्यास एसएनप्रिंटएफच्या मानाने नगण्य वेळ लागतो, म्हणून ती मोटरच्या टास्कमध्येही निःशंक वापरता येते. १६८ मेगाहर्ट्झला तो ३२ बिटांचा मोजक साधारण २५.६ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो, एवढे दोन नोंदींमधील अंतर काढताना ध्यानात असू द्या. शिवाय प्रत्येक टास्कला एक बिट द्या. टास्कने आपली फेरी पूर्ण केली की तो बिट उभा करावा, आणि चारही बिट उभे असतील तरच वॉचडॉगला खाद्य देऊन ते साफ करावेत. हा शब्दही त्याच विभागात असला की रीसेटनंतर कोणता टास्क हजर नव्हता ते एका दृष्टिक्षेपात कळते.

हार्डफॉल्टच्या (प्रोसेसरच्या गंभीर चुकीच्या) हँडलरमध्ये तुम्ही अनंत लूप ठेवला असेल, तर फॉल्ट झाल्यावर वॉचडॉगच रीसेट करील आणि खरे कारण झाकले जाईल. त्या हँडलरमध्ये स्टॅकवर जतन झालेले पीसी (चालू सूचनेचा पत्ता) आणि एलआर (परतीचा पत्ता), तसेच सीएफएसआर, एचएफएसआर आणि बीएफएआर ही फॉल्टची माहिती देणारी रजिस्टरे नोलोड विभागात लिहून मग रीसेट घ्या. टास्कच्या स्टॅकचा आकारही पाहा: १२८ बाइटचा ॲरे आणि त्याखाली एसएनप्रिंटएफची स्वतःची भूक लहान स्टॅकला पेलत नाही, विशेषतः फ्लोट छापत असाल तर. फ्रीआरटीओएसची स्टॅक-ओव्हरफ्लो तपासणी दुसऱ्या पद्धतीवर ठेवा आणि प्रत्येक टास्कची उरलेली किमान स्टॅक-जागा एकदा छापून पाहा. ती बाइटमध्ये नव्हे, तर शब्दांमध्ये मिळते.

उत्तर — मूकवाचक

एक पर्याय सुचवू इच्छितो. टेबलावर डिबग प्रोब जोडलेलाच असेल तर यूएआरटीच्या मार्गाने जाण्याऐवजी सेगर कंपनीचे आरटीटी वापरावे. त्यात लॉग रॅममधील बफरमध्ये लिहिला जातो आणि कोअर धावत असतानाच प्रोब तो वाचून नेतो, म्हणून पिन लागत नाही, बॉड रेटचा प्रश्न येत नाही आणि मोटरच्या टास्कलाही झळ पोहोचत नाही. एसडब्ल्यूओ (प्रोबला माहिती देणारी एकेरी डिबग-वाहिनी) हाही मार्ग आहे, पण त्यासाठी पीबी३ पिन मोकळी हवी आणि कोअरचे घड्याळ बदलले की प्रोबकडील वेगही बदलावा लागतो. सेमीहोस्टिंग (डिबगरमार्फत संगणकावर छापणे) मात्र टाळावे: त्याची प्रत्येक हाक कोअरला थांबवते, आणि डिबगर नसताना तीच ब्रेकपॉइंट-सूचना हार्डफॉल्ट घडवते.

उत्तर — तळाचा_थर

विकासाच्या टेबलावर आरटीटी मीही वापरतो. परंतु प्रश्नातील रीसेट ‘अधूनमधून’ होतो, आणि असे दोष यंत्र प्रत्यक्ष कामाच्या जागी, प्रोबविना चालत असतानाच गाठावे लागतात. शिवाय डिबगर जोडताना वॉचडॉग गोठवण्याचा बिट अनेक आयडीई आपणहून लावतात, त्यामुळे कोअर थांबलेला असताना वॉचडॉगही थांबतो आणि दोषाची वेळ बदलते. म्हणून यूएआरटी व नोलोड विभाग यांची जोडी कायम ठेवावी आणि आरटीटी तिच्या सोबतीला घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता — सूक्ष्मनियंत्रक

सर्वांच्या सूचना अमलात आणल्या. वर्तुळाकार बफर आणि १०,००,००० बॉड यांनंतर बिघडलेल्या ओळी पूर्ण थांबल्या आहेत, आणि डीएमएच्या फंक्शनचे परत-उत्तर आता प्रत्येक ठिकाणी तपासले जाते.

वॉचडॉगचाही उलगडा झाला. रीसेटनंतर नोलोड विभागातील शब्दात संवेदकाच्या टास्कचा बिट उभा नव्हता, आणि नोंदवहीत त्याची शेवटची घटना ‘एसपीआय वाचन सुरू’ ही होती (एसपीआय म्हणजे संवेदकाची सिरीयल जोडणी). ‘वाचन पूर्ण’ ही नोंद नव्हती. त्या ठिकाणी पाठवणी-पूर्ण ध्वजाची वाट पाहणारा लूप होता आणि त्याला वेळेची कोणतीही मर्यादा नव्हती. ती मर्यादा घातली असून ती ओलांडली गेल्यास एसपीआय नव्याने मांडला जातो आणि तशी नोंद होते. सीएसआरमध्ये दोन्ही ध्वज खरोखरच एकत्र दिसले, आणि जुना कोड पिनचाच ध्वज आधी तपासत होता.

एकच गोष्ट उरली आहे. शेड्युलर सुरू होताच चारही टास्क आपापल्या संरचनेचे सविस्तर वर्णन एकदम लिहितात, आणि तेवढ्या वेळात गळालेल्या ओळींचा आकडा वाढतो. नंतर तो स्थिर राहतो. यासाठी बफर दुप्पट करावा का?

उत्तर — रिंगबफर

रॅम शिल्लक असेल तर हरकत नाही, पण त्याची गरज नाही. ते वर्णन एकदाच लागणारे आहे आणि त्या वेळी मोटर अजून फिरत नसते, तेव्हा ते शेड्युलर सुरू होण्यापूर्वी, जुन्या मजकुराच्या पाठोपाठ, थांबून पाठवणाऱ्या फंक्शननेच छापा. गळतीचा मोजक त्यानंतर शून्यावर राहायला हवा. यंत्र चालू असताना तो पुन्हा हलला, तर कोणत्या टास्कच्या ओळी गळाल्या हे कळण्यासाठी प्रत्येक टास्कचा मोजक वेगळा ठेवा.